मदत हवी आहे : कॉस्टिकमध्ये धुतलेला केळीचा वाख पॉलिएस्टर रेझीनला धरत नाही

केळखांब :

नमस्कार. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये केळीचा वाख आणि पॉलिएस्टर रेझीन यांचे ३ मिमी जाडीचे पॅनल करण्याचं काम चालू आहे. कपाटाची दारं आणि खुर्चीच्या पाठी यांसाठी. वाख इंदापूरकडून येतो. सोपटं यंत्रावर खरवडून काढलेला, वाळवलेला, फिकट बदामी रंगाचा. कच्चा वाख रेझीनमधून सहज निसटतो म्हणून कॉस्टिकची (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) प्रक्रिया सुरू केली, आणि सगळं त्यानंतरच बिघडलं आहे.

सध्याची पद्धत: १ किलो वाख, २० लिटर पाणी, त्यात १ किलो कॉस्टिक फ्लेक्स, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. रात्रभर, साधारण १४ तास बुडवून. सकाळी त्याच टबात ॲसिटिक ॲसिड ओतायचं, पीएच पट्टीवर ७ दिसेपर्यंत. मग बोअरच्या पाण्यात दोनदा खंगाळायचं, गच्चीवर दोन दिवस ऊन द्यायचं, ३० मिमीचे तुकडे करून मॅट पसरायची आणि जीपी (जनरल पर्पज, साधं) रेझीन ओतून रोलर फिरवायचा.

दिसतं ते असं. वाळल्यावर धागे एकमेकांना चिकटून खराट्याच्या काड्यांसारखे ताठ होतात. त्यांवर पांढरी भुकटी असते. रेझीन जेल व्हायला (घट्ट होऊ लागायला) नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेल्या पॅनलवर आठ-दहा दिवसांत फोड आले. आणि ताण चाचणीत धुतलेल्या वाखाचं पॅनल कच्च्या वाखाच्या पॅनलपेक्षा कमी भरलं.

कॉस्टिक ८-१० टक्क्यांवर न्यावं का? की सिलेन (धागा आणि रेझीन यांना जोडणारं रसायन) लावावं? हीच पद्धत उसाच्या चिपाडाला चालेल का?

धागादोरा :

कॉस्टिक वाढवू नका. पाच टक्के पुरेसं आहे, वेळ मात्र नको तितका दिला आहे. पण खरा घोटाळा त्याच टबात ॲसिड ओतण्यात आहे.

वाखाचा दिसतो तो धागा एकटा नसतो, ती जुडी असते. सेल्युलोजचे बारीक तंतू हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन यांच्या डिंकाने एकत्र चिकटलेले, वर मेणाचा हात. कॉस्टिक हा डिंक सोडवतं, मेण काढतं, जुडी विरळ होते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझीनला पकडायला जागा मिळते. कापसाचं मर्सरायझिंग १८ ते २५ टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये, सूत ताणून धरून करतात. तिथे सेल्युलोजची स्फटिकरचनाच बदलते. पाच टक्क्यांत मुख्यतः सफाई होते, आणि आपल्याला हवी आहे तीच. ती झाल्यावरही धागा बुडवून ठेवला तर कॉस्टिक सेल्युलोजलाच पोखरायला लागतं.

तुमच्या टबातलं ते काळपट तपकिरी पाणी म्हणजे विरघळलेलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. लिग्निन विरघळलेलं राहतं ते पीएच चढा आहे तोवरच. ॲसिड पडलं, पीएच उतरला, की त्याचा साका होतो. कागद कारखान्यांत काळ्या द्रावातून लिग्निन वेगळं काढायची हीच रीत आहे. तुम्ही ती वाख टबात असतानाच करता. मग जे सोडवायला रात्र घालवली तेच सकाळी गाळ होऊन धाग्यावर परत बसतं, आणि वाळलं की सरसासारखं चिकटतं. काड्या त्याच्याच होतात. रेझीन त्या गाळाला धरतं, गाळ धाग्याला धरत नाही.

खात्री करायची असेल तर काचेच्या ग्लासात ते काळं पाणी निम्म्यापर्यंत घ्या आणि ॲसिटिक ॲसिड थेंबथेंब टाका. सुरुवातीला फरक दिसत नाही. मग पाणी एकदम गढूळ होतं आणि तासाभरात तळाला तपकिरी, दही फुटल्यासारखा गाळ बसतो.

दुसरा हिशेब मिठाचा. १ किलो कॉस्टिक पूर्ण मारायला दीड किलो ॲसिटिक ॲसिड लागतं आणि त्यातून दोन किलोहून जास्त सोडियम ॲसिटेट तयार होतं. एक किलो वाख, दोन किलो मीठ, आणि धुणं फक्त दोनदा! ॲसिड तर वाया जातंच, वर हे मीठ हवेतला ओलावा ओढतं.

क्रम असा ठेवा. २ ते ४ तास, खोलीच्या तापमानाला, दर अर्ध्या तासाने वाख वरखाली करत. मग काळं पाणी काढून टाका, वाख दाबून निथळा. त्यानंतर साध्या पाण्याची तीन-चार धुणी, पहिली दोन कोमट पाण्याची, निथळणारं पाणी फिकट पिवळं होईपर्यंत. लिग्निन गेल्यावर मगच ॲसिटिक ॲसिड, तेही १ टक्का, १०-१५ मिनिटं. मग पुन्हा दोन धुणी. ॲसिड फक्त धाग्याच्या पोटात उरलेल्या कॉस्टिकसाठी आहे, टबातल्या कॉस्टिकसाठी नाही.

टबातल्या पाण्याचा पीएच ७ आला म्हणजे धाग्याचा आला असं धरू नका. शेवटच्या धुण्यानंतर ५ ग्रॅम वाख १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवा, हलवा, आणि त्या पाण्याचा पीएच बघा. धाग्याच्या आतलं कॉस्टिक हळूहळू बाहेर येतं. बरेचदा टबात ७ असतो आणि या पाण्यात ९.

नेमका किती वेळ बुडवायचं हे तुमच्या वाखावरच ठरवा. जात, कापणीचं वय, यंत्रावर किती स्वच्छ खरवडला यावर ते बदलतं. १०५ अंशांना वाळवून वजन केलेल्या २० ग्रॅमच्या पाच जुड्या एकाच टबात सोडा. १, २, ४, ८ आणि १४ तासांनी एकेक काढा, धुवा, पुन्हा वाळवा, वजन करा. वजनातली घट सुरुवातीला भराभर होते, मग मंदावते. मंदावते तिथे थांबायचं.

एफआरपी_भोसरी :

वरच्या उत्तराशी सहमत. रेझीनच्या बाजूचं सांगतो, कारण जेल उशिरा होणं आणि फोड येणं ही दुखणी वेगवेगळी आहेत.

जेल उशिरा होतं ते मुख्यतः ओलाव्याने. गच्चीवर वाळलेला वाख हाताला कोरडा लागतो, पण त्यात १० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत त्याहून जास्त. म्हणजे किलोभर मॅटबरोबर १०० ग्रॅम पाणी रेझीनमध्ये जातं. रेझीन घट्ट करणारी कोबाल्ट (ॲक्सिलरेटर) आणि एमईकेपी (हार्डनर) यांची जोडी पाण्यात मंदावते. त्यात धाग्यावर लिग्निनचा गाळ. ते फेनॉलिक असल्याने रेझीन घट्ट करणारे फ्री रॅडिकल्स तेच गिळतं. जेल उशिरा होतं म्हणून एमईकेपी वाढवू नका. कुठे पिवळं पडेल, कुठे तडकेल, मूळ कारण तसंच राहील.

शोधायला सोपी चाचणी आहे. एकाच डब्यातल्या रेझीनचे १०० ग्रॅमचे तीन कप. एकात काही नाही, दुसऱ्यात गच्चीवर वाळवलेला ५ ग्रॅम वाख, तिसऱ्यात तोच वाख पण ओव्हनमध्ये १०५ अंशांना दोन तास ठेवलेला. तिन्हींत हार्डनर सारखं, घड्याळ लावा. दुसरा उशिरा आणि तिसरा वेळेवर, तर दोष ओलाव्याचा. तिसराही उशिराच, तर धाग्यावर काहीतरी राहिलं आहे.

फोड मिठाचे. पॅनलच्या आत विरघळणारं मीठ अडकलं की ते पृष्ठभागातून झिरपणारा ओलावा खेचून घेतं, आत खारट पाण्याचा थेंब तयार होतो आणि त्याच्या दाबाने वरचा थर उचलला जातो. ग्लास फायबरच्या होड्यांनाही असेच फोड येतात. फोड सुईने टोचून आतल्या थेंबाला पीएच पट्टी लावा. उरलेलं कॉस्टिक असेल तर पट्टी लगेच सांगेल. पॉलिएस्टर नावाप्रमाणे एस्टरच आहे, कॉस्टिक त्याचे दुवे तोडतं.

वाळवण: ऊन फक्त पहिल्या पायरीला. मग ८० अंशांना रात्रभर, आणि मॅट पसरायच्या आधी १०५ अंशांना दोन तास. ओलावा २ टक्क्यांच्या खाली हवा. ओव्हनमधून काढलेला वाख गरम असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. जुलैमध्ये उघडा ठेवलात तर तासा-दोन तासांत बराचसा ओलावा परत घेतो.

आणि एक, माहीत असेल तरी लिहितो: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीच मिसळू नका. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण घोटायचा, मगच एमईकेपी.

पाणीपरीक्षा :

पांढऱ्या भुकटीबद्दल. चिमूटभर भुकटी चमच्यात घेऊन डिस्टिल्ड पाणी टाका. विरघळली तर सोडियमचं मीठ, म्हणजे धुणं कमी पडलं. नाही विरघळली आणि व्हिनेगरच्या थेंबाने फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दोष बोअरच्या पाण्याचा. जड पाण्यात कॉस्टिक टाकलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साका होऊन धाग्यावर बसतात, आणि नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत. कॉस्टिकचा टब आणि पहिलं धुणं तरी सॉफ्टनरच्या किंवा नळाच्या पाण्याचं करा.

पाणी वाचवायला तीन टब उलट्या क्रमाने फिरवा. वाख पहिल्या टबातून तिसऱ्याकडे जातो, पाणी तिसऱ्यातून पहिल्याकडे. ताजं पाणी फक्त तिसऱ्यात पडतं.

कॉस्टिकचा टब एकदाच वापरून ओतू नका. फेनॉल्फ्थॅलीन (रंगसूचक) घालून टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ॲसिड मोजून घाला: ५ टक्क्यांच्या टबातल्या १० मिलीला १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड १२.५ मिली लागतं. १० मिली लागलं तर टब ४ टक्क्यांवर आला आहे, लिटरमागे १० ग्रॅम भर घाला. पाणी काळं असल्याने रंग बदललेला कळत नाही, म्हणून आधी १०० मिलीपर्यंत डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करा. उघड्या पोत्यातलं कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन कमजोर होतं, तेव्हा पहिल्या टबाचंही टायट्रेशन करा. वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका.

काळं पाणी गटारात किंवा नाल्यात सोडू नका, कृपा करून. भोसरीचे नाले शेवटी इंद्रायणी-पवनेलाच मिळतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान लागतो, पण नुसता पीएच सांभाळून भागत नाही. लिग्निनमुळे त्या पाण्याचा सीओडी (घाण मोजायचं माप, रासायनिक ऑक्सिजन मागणी) फार जास्त असतो. वेगळ्या टाकीत ॲसिडने साका पाडा, हा साका तिथे कामाचा आहे! गाळ कापडातून गाळा, वरचं पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कामाच्या आधी घ्या.

भांडं प्लास्टिकचं किंवा स्टेनलेसचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको. कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि लांब हातमोजे घालूनच.

केळखांब :

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या केल्या, निकाल देतोय.

ग्लासातल्या काळ्या पाण्यात ॲसिड टाकलं, गाळ बसला. अगदी लिहिलं होतं तसाच. भुकटी बरीचशी पाण्यात विरघळली, उरलेली व्हिनेगरने फसफसली, म्हणजे दोन्ही आहे. जेलचे कप: नुसतं रेझीन १८ मिनिटं, गच्चीवरचा वाख ४१, ओव्हनमधला २७.

दोन शंका. ताण चाचणीत तुटलेल्या तुकड्यांकडे बघून काही कळतं का? आणि धुणं सुधारल्यावर सिलेनची गरज राहते का? एकाने पोटॅशियम परमँगनेट ॲसिटोनमधून लावायला सांगितलंय, ते करू का?

धागादोरा :

ओव्हनमधला कपही ९ मिनिटं मागे आहे, तो गाळ. १८ ते २० वर येईपर्यंत धुणं सुधारत राहा. रोजच्या मालासाठी हीच चाचणी पुरे.

तुटलेली कड दहापट भिंगाखाली धरा, उजेड बाजूने. धागे मिशांसारखे लांब बाहेर आलेले, स्वच्छ, अंगावर रेझीनचा कण नाही, आणि समोरच्या तुकड्यात त्यांची गोल भोकं: पकड नाही, धागा निसटला. धागे कडेशी आखूड तुटलेले आणि अंगाला रेझीनचे कपचे चिकटलेले: पकड चांगली, धागाच कमजोर, म्हणजे कॉस्टिकमध्ये जास्त राहिला. तिसरा प्रकार तुमच्याकडे बहुतेक सापडेल: लांब मिशी, पण वर तपकिरी पापुद्रा. तो लिग्निनचा गाळ रेझीनबरोबर धाग्यावरून सोलला गेला आहे.

तुलनाही सारखी आहे का ते बघा. दोन्ही पॅनलमध्ये वाखाचं वजन एकच होतं का? ३०० बाय ३०० बाय ३ मिमीचं पॅनल म्हणजे २७० घनसेंटिमीटर. वाखाची घनता साधारण १.३५ आणि रेझीनची १.२ धरली तर ८४ ग्रॅम कोरडा वाख आणि २५० ग्रॅम रेझीन, म्हणजे वजनाने २५ टक्के, घनफळाने २३. वजन ओव्हनमधून काढल्यावर करायचं. ओला वाख मोजला तर पॅनलमध्ये धागा कमी जातो आणि दोष प्रक्रियेवर येतो. ताठ काड्यांची मॅट दबत नाही, ती जास्त रेझीन पिते, हेही मनात धरा.

वाख ओला असतानाच फणी मारा आणि दोन टोकं चिमट्यात धरून चौकटीवर ताणून वाळवा. कॉस्टिकमधून निघालेला धागा मोकळा वाळला तर आखडतो, कुरळा होतो, आणि कुरळा धागा ताण उशिरा घेतो.

सिलेन: आधी नुसत्या कॉस्टिकचं काम नीट बसवा. दारं-पाठींना तेवढ्यावर भागू शकतं. ओलसर जागी वापर असेल तर सिलेनचा उपयोग होतो. पॉलिएस्टरला मेथाक्रिल गटाचं सिलेन घ्या, बाजारात ए-१७४ म्हणून मागतात. अमिनो सिलेन इपॉक्सीसाठी. दुकानदार तेच हातात ठेवेल, घेऊ नका. १ किलो वाखाला ३ लिटर द्राव, त्यात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ६० भाग आणि डिस्टिल्ड पाणी ४० भाग. ॲसिटिक ॲसिडने पीएच ४ वर आणा, मग १५ ग्रॅम सिलेन सावकाश ओतत ढवळा. तासभर ढवळल्यावर द्राव स्वच्छ दिसायला हवा. दुधाळ झाला तर सिलेन आपसातच जुळलंय, टाकून द्या. वाखात कॉस्टिक उरलं असेल तरी हेच होतं, म्हणून तो १०० मिलीचा पीएच आधी. वाख प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्राव सगळीकडे मुरवा, तासभर ठेवा, दाबून काढा. रात्रभर मोकळ्या हवेत वाळू द्या, आयपीएची वाफ पूर्ण गेल्याशिवाय ओव्हनमध्ये नेऊ नका. मग ११० अंशांना एक तास. सिलेनमधून थोडं मिथेनॉल सुटतं, खिडक्या उघड्या ठेवा. द्राव त्याच दिवशी संपवायचा.

परमँगनेट नको. ॲसिटोन पेट घेणारं, परमँगनेट ऑक्सिडायझर. प्रयोगशाळेत चिमूटभर घेऊन करणं निराळं, शेडमध्ये २० लिटरचा टब निराळा. शिवाय धाग्यावर मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी डाग राहतो. आगीच्या त्याच धोक्यासाठी बेंझॉइल पेरॉक्साइडही नको.

एफआरपी_भोसरी :

चिपाडाचं थोडक्यात. ती वेगळी वस्तू आहे, केळीची पद्धत जशीच्या तशी लावू नका. कारखान्यातून येणाऱ्या बगॅसमध्ये साधारण एक तृतीयांश भुसभुशीत गाभा असतो. तो रेझीन स्पंजासारखा पितो आणि ताकद काही देत नाही. वाळवून, झोडून, चाळणीवर गाभा पाडा. उरलेल्या धाग्यात साखर असते, ती ६०-७० अंशांच्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर आंबतं आणि काळी बुरशी धरते. धागा आखूड आणि बारीक असल्याने कॉस्टिक १ ते २ टक्के, वेळ एक तास. बाकी धुण्याचा क्रम तोच. हाताने पसरायच्या मॅटपेक्षा दाबाखाली साच्यात करायच्या बोर्डाला हे जास्त जमेल. आणि माल गळीत हंगामातच भरून वाळवून ठेवावा लागेल. कारखाने बगॅस बॉयलरला जाळतात, उन्हाळ्यानंतर मागितलात तर मिळेलच असं नाही.

केळखांब :

नव्या क्रमाने १ किलोचा घाणा लावलाय: ३ तास, कोमट दोन, साधी दोन, मग १ टक्का ॲसिटिक, मग दोन. १०० मिलीचा पीएच ७.२ आला. धागे सुटे आहेत, फणी अडकत नाही, भुकटी नाही. वाख चौकटीवर ताणून लावलाय. ओव्हननंतर तीन कपांची वेळ आणि ८४ ग्रॅमच्या पॅनलची तुटलेली कड, दोन्ही इथेच टाकतो.

धागादोरा :

छान. कच्च्या वाखाचं पॅनलही त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या रेझीनचं, ८४ ग्रॅमचंच करा. आणि दोन्हींचा एकेक तुकडा वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. फोड परत येणार की नाही ते या वजनावरून आधीच कळेल.